टाकीचं विरजण
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात आपण शोभिवंत माशांच्या धंद्याचा हिशोब मांडला होता. टाकी केवढ्याला, पंप केवढ्याला, मॉलीची जोडी केवढ्याला, सगळं. त्यानंतर निरनिराळ्या गटांतून फोन आले, आणि बहुतेक फोनवर एकच रडगाणं होतं. टाकी नवी, पाणी स्वच्छ, मासे आणले तेव्हा टणटणीत, आणि आठ-दहा दिवसांत पटापट मेले. म्हणून आज दुसरं काही नाही, फक्त नव्या टाकीचे पहिले सहा आठवडे. त्यात पाणी कधी बदलायचं, किती बदलायचं आणि कधी हात आवरायचा.

सांगायला बसण्याआधी एक कबुली देते, कारण हा विषय मी पुस्तकातून शिकले नाही, दुसऱ्याच्या पैशावर शिकले. आमच्या गटातल्या एका काकींनी अंतर्गत कर्ज काढून दोन काचेच्या टाक्या घेतल्या होत्या. बारा हजारांचं कर्ज. पडवीत स्टँड बसला, टाक्या भरल्या, आणि दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी एका टाकीत साठ मासे सोडले, मॉली आणि गप्पी मिळून. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. काकींनी मला फोन केला. मी गटाची समन्वयक, सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर असलंच पाहिजे अशी माझीच समजूत. मी सांगितलं, "सगळं पाणी काढा, टाकी घासून घ्या, तो स्पंज नळाखाली खळखळून धुवा, आणि ताजं पाणी भरा."

काकींनी तसंच केलं. एक दिवस बरं गेलं. परत पाणी गढूळ, परत मी तेच सांगितलं. आठव्या दिवशी सकाळी चौदा मासे तरंगत होते. काकी मला म्हणाल्या, "गो बाय, पाणी आरशासारख्यां, टाकी मी ताटासारखी घासलंय, मगे मासे कित्याक मरतत?" शेजारची म्हणाली दिष्ट लागली. पंधराव्या दिवशी साठातले नऊ उरले. कर्जाचा पहिला हप्ता मात्र तारखेला भरायचाच होता.

दिष्ट बिष्ट काही नव्हती. माझा सल्ला चुकला होता. कुठे चुकला ते आता नीट सांगते.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच हगतो आणि पाण्यातच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य तळाला कुजतं, त्याचाही अमोनिया होतो. ओढ्यात, तळ्यात हे चालून जातं, कारण तिथे पाणी भरपूर आणि मासे थोडे. शिवाय तिथल्या दगडागोट्यांवर, चिखलावर असे जिवाणू बसलेले असतात की ज्यांचं खाणंच अमोनिया आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात साठेपर्यंत माशाला त्रास देत नाही, आणि झाडांना तर ते खत. मातीतले असे जिवाणू साधारण 1890 च्या सुमाराला विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले. शेतात खत घातल्यावर ते पिकाला लागू होतं, त्यात ह्यांचाच हात असतो.

आपल्या नव्या काचटाकीत हे जिवाणू नाहीत. म्हणजे अगदीच नाहीत असं नाही, पण नाहीत म्हणण्याइतके थोडे आहेत. दुकानातून आली तेव्हा काच कोरी, स्पंज कोरा. साठ मासे रोज अमोनिया सोडतायत आणि तो खाणारं कुणी नाही. पाणी आरशासारखं दिसतं, कारण अमोनियाला रंग नाही. नायट्राइटलाही नाही. स्वच्छ दिसणारं पाणी आणि मासा जगेल असं पाणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला एक्कावन्न मासे गेल्यावर कळलं.

हे जिवाणू वाढायला वेळ घेतात. दह्याचे जिवाणू रात्रीत दूध लावतात, हे तसले नाहीत, फार संथ आहेत. कोऱ्या टाकीत दोन्ही जाती पुरेशा व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आधी अमोनिया खाणारे वाढतात, आणि नायट्राइट तयार झाल्याशिवाय ते खाणारे वाढू शकत नाहीत, म्हणून दुसरी तुकडी मागाहून येते. ह्याला काही जण टाकी पिकवणं म्हणतात, दुकानदार सायकलिंग म्हणतात. मी गटात विरजण म्हणते, बायकांना चटकन कळतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती ऐकताना हातातलं काम जरा थांबवा. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते चिकटून बसलेले असतात, स्पंजवर, काचेवर, खडीवर, नळीच्या आत. सगळ्यात जास्त स्पंजवर, कारण तिथून पाणी सतत वाहतं आणि त्यांना प्राणवायू मिळतो. म्हणजे पाणी बदललं तर विरजण जात नाही. स्पंज नळाखाली धुतला तर जातं. मी काकींना नेमकं उलटं सांगितलं होतं. आमच्या नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. माणसाच्या पोटात जिवाणू जाऊ नयेत म्हणून टाकलेलं क्लोरिन आमच्या स्पंजवरचे जिवाणू कसे ठेवेल? दर दोन दिवसांनी काकी विरजण लावत होत्या आणि माझ्या सांगण्यावरून भांडं खळखळून धूत होत्या. आपल्या बायकांना घासण्याची फार हौस, भांडं चमकलं की जीव निवतो. नव्या टाकीत ती हौस जरा बाजूला ठेवायची.

मग ते दुधासारखं पाणी काय होतं? ते ह्या कामाचे जिवाणू नव्हेत, दुसरेच, उरलेल्या खाद्यावर झपाट्याने वाढणारे. नवीन टाकीत दुसऱ्या-चौथ्या दिवशी हे बहुतेक होतंच, आणि खाद्य कमी केलं की काही दिवसांत आपोआप निवळतं. ते पाण्यातला प्राणवायू खातात, म्हणून हवेचा पंप जोरात ठेवायचा. त्या पांढरेपणाला भिऊन टाकी उपसायची नाही.

आता पाणी बदलण्याचं सांगते. ह्याचे दोन रस्ते आहेत, टाकीत मासे आहेत की नाहीत त्यावर.

शहाण्या बाईने मासे नसतानाच टाकी पिकवावी. जिवाणूंना अमोनिया लागतो, तो माशानेच दिला पाहिजे असं नाही. काही जण कोळंबीचा तुकडा फडक्यात बांधून कुजत ठेवतात. होतं त्याने, पण पडवीत वास सुटतो आणि किती अमोनिया झाला ते हातात राहत नाही. आम्ही नवसागर वापरला. कल्हईवाला भांड्याला लावायचा तो नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईचा नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे शुद्ध मिळतो, तो घ्यायचा.

हिशोब असा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. वरून तीन इंच रिकामी ठेवली तर पाणी सवा फूट. तीन गुणिले दीड गुणिले सव्वा, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या थोडं वर. एका घनफुटात 28 लिटर धरले की साधारण 160 लिटर झाले. एवढ्या पाण्यात 1 ग्रॅम नवसागर टाकला की दर लिटरला सुमारे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. टेस्ट किटच्या भाषेत 2 पीपीएम. एक ग्रॅम आपल्या घरच्या काट्यावर येत नाही. म्हणून सोनाराकडे 10 ग्रॅम तोलून घ्यायचा, एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरायचा, त्यातलं 100 मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची.

ही 2 पीपीएमची मात्रा दिली, पंप चालू ठेवला, आणि रोज टेस्ट केली. मासे नसताना पाणी बदलायची घाई नसते, कारण विष चढलं तरी मरायला कुणी नाही. पण अति तिथे माती. अमोनिया 5 च्या वर गेला तर ते जिवाणूही मंदावतात. एकीने लवकर व्हावं म्हणून रोज मात्रा ओतली, आणि तिच्या टाकीतलं नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेलं. तेव्हा निम्मं पाणी बदलावं लागलं. अमोनिया शून्यावर आला की मगच पुढची मात्रा, आणि नायट्राइट दिसायला लागल्यावर मात्रा निम्मी.

दुसरं कारण सामूचं, आणि ते आपल्या कोकणात नेहमी भेटणार. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला चुना, म्हणजे आम्ल थोपवून धरणारा क्षार, खर्च होत जातो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सात ग्रॅमच्या वर. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मुळातच मऊ, त्यात हा क्षार कमी. तो संपला की सामू घसरतो. साडेसहाच्या खाली काम मंदावतं, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतं. काकींच्या दुसऱ्या टाकीत विसाव्या दिवशी असंच झालं. नायट्राइट तिथेच, हलायला तयार नाही. सामू पाहिला तर 6. आम्ही निम्मं पाणी बदललं आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, ठेचून, कापडी पिशवीत घालून पंपाच्या धारेत लटकवल्या. शिंपलीत चुनाच असतो, तो हळूहळू विरघळतो. चार दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. शिंपल्या आपल्या उकिरड्यावर फुकट पडलेल्या असतात, ह्यासाठी बाजारातून पुडी आणायची गरज नाही.

बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. हे बऱ्याच जणींना वेगळं वाटत नाही. वाफ होऊन नुसतं पाणी जातं, नायट्रेट आणि क्षार मागेच राहतात. आमटी आटली म्हणून वर पाणी घातलं तर मीठ कमी होतं का? बदलणं म्हणजे आधी काढणं, मग भरणं.

टाकी पिकली कशी ओळखायची? 2 पीपीएमची मात्रा दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं पाहिजे. असं दोन-तीनदा झालं की विश्वास ठेवायचा. तोवर नायट्रेट बरंच साठलेलं असतं, 40 च्या वर सहज. तेव्हा मोठा पाणीबदल करायचा, निम्म्याहून अधिक, आणि मासे सोडायचे. त्याच दिवशी जमत नसेल तर मासे येईपर्यंत थोडी थोडी मात्रा देत राहायचं, नाहीतर विरजण उपाशी मरतं.

आता दुसरा रस्ता. मासे टाकीत आहेतच, टाकी मात्र कोरी. फोन करणाऱ्या बहुतेक जणी ह्याच रस्त्यावर उभ्या आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

पहिलं काम, खाद्य कमी. दिवसाआड एकदा, चिमटीभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी मरत नाही. घरी आलेल्याला जेवू घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही हे खरं, पण टाकीत घातलेला प्रत्येक जास्तीचा दाणा म्हणजे अमोनिया. दुसरं, शक्य असेल तर मासे वाटून टाका. 160 लिटरच्या कोऱ्या टाकीत सहा-आठ गप्पी पुरेत. साठ म्हणजे एका खोलीच्या बिऱ्हाडात अख्खं वऱ्हाड.

तिसरं, रोज टेस्ट, आणि टेस्टवर पाणीबदल. अमोनिया आणि नायट्राइट मिळून अर्ध्या पीपीएमच्या वर गेले की पाणी बदलायचं. किती? हिशोब सरळ आहे. चौथा भाग बदलला की विषाचा चौथा भाग जातो, निम्मं बदललं की निम्मं. एक पीपीएम असेल आणि चौथा भाग बदलला तर पाऊण राहिलं, म्हणजे भागलं नाही, निम्मं बदलावं लागेल. आपल्या टाकीचा चौथा भाग म्हणजे 40 लिटर, वीसच्या दोन बादल्या. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत हे रोज करावं लागतं कधी कधी. कुणी म्हणेल पाणी बदललं तर जिवाणूंचं खाणं गेलं, टाकी पिकायला उशीर लागेल. उरलेल्या अमोनियावर त्यांचं भागतं. उशीर झालाच तर चार दिवसांचा. मासे गेले तर हप्ता कशातून भरायचा?

सगळं पाणी मात्र एकदम काढायचं नाही. एक तर तापमान. पहाटे विहिरीचं आणि दुपारी टाकीवरच्या नळाचं पाणी ह्यात किती फरक असतो ते हाताला कळतं. नवीन पाणी टाकीच्या पाण्याएवढंच कोमट-गार हवं, एक-दोन अंशांच्या फरकाचं. दुसरं पुन्हा सामूचं. तोच अमोनिया सामू 7 च्या पाण्यात असतो त्यापेक्षा सामू 8 च्या पाण्यात जवळजवळ दहापट विषारी होतो. टाकीत आम्ल वाढल्यामुळे सामू उतरलेला आहे, अमोनिया भरपूर आहे पण मासे कसेबसे तगलेत, आणि तुम्ही एकदम जास्त सामूचं नवीन पाणी भरलंत, तर निरुपद्रवी बसलेला अमोनिया तासाभरात विष होतो. "पाणी बदललं आणि मासे मेले" ही जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे बऱ्याचदा हे असतं. असा सामू उतरला असेल तर दहावा भाग, दिवसातून दोनदा, असं हळूहळू बदलायचं.

नळाचं पाणी सरळ टाकीत कधीच नाही. ड्रममध्ये उघडं ठेवून, त्यात हवेचा दगड सोडून, चोवीस तास थांबायचं, क्लोरिन उडून जातं. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल जास्त पडतं, तेव्हा खात्री करून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्ट असते, दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे. तेवढ्यासाठी ते नाही म्हणत नाहीत, मी विचारलंय. घाईच असेल तर मत्स्यदुकानात क्लोरिन मारायचे थेंब मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ज्याला हायपो म्हणतात. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला.

नायट्राइट चढलं की मासे वर येऊन धापा टाकतात, कल्ले तपकिरी दिसू लागतात, कारण नायट्राइट रक्तात जाऊन प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. ह्याला एक घरगुती आधार आहे, मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. लिटरला एक ग्रॅम पुष्कळ झालं, 160 लिटरला 160 ग्रॅम खडेमीठ, वेगळ्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन-चार वेळा करून. गप्पी-मॉलीला मीठ मानवतं. टाकीत पाणवनस्पती असतील तर जपून. आणि मीठ अमोनियावर चालत नाही, फक्त नायट्राइटवर. पाणी बदलल्यावर जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं, पूर्ण मात्रा नाही.

ह्या सगळ्या काळात साफसफाई किती? थोडीच. तळाची घाण नळीने ओढून घ्यायची, त्यातच पाणीबदल होतो. नळी तोंडाने ओढू नका, बादलीत बुडवून भरून घ्या आणि एक टोक अंगठ्याने दाबून टाकीत सोडा. पुढची काच पुसायची, बाकीच्या तीन तशाच राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काचेवर तपकिरी बुरा येतो, तो शेवाळाचाच प्रकार, घाबरायचं काही नाही. स्पंजला पहिले सहा आठवडे हातच लावायचा नाही. अगदीच तुंबला, बुडबुडे कमी झाले, तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबून परत लावायचा. साबण, भांड्याची पावडर, लिंबू, काही नाही. हाताला बाम किंवा तेल लागलेलं असेल तर आधी स्वच्छ पाण्याने हात धुवा. आणि टाकीच्या खोलीत डासांचा फवारा अजिबात नको. त्यातली औषधं माशांना फार विषारी, आणि हवेचा पंप ती खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडत असतो.

वीज. पावसात आपल्याकडे लाइट गेली की कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पंप थांबला की माशांना आणि जिवाणूंना, दोघांनाही प्राणवायू तुटतो. बॅटरीचा छोटा पंप गटात दोन-तीन जणींत मिळून एक घेतला तरी चालतो. नसेल तर तांब्याने टाकीतलंच पाणी वरून धार धरून सोडायचं, अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटं. लाइट नसेपर्यंत खाद्य बंद. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि तरी प्रत्येक गावात एक तरी बाई न काढता हात घालताना दिसते.

काकींच्या दोन टाक्यांचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही पुन्हा सुरुवात केली, उरलेले नऊ मासे दुसऱ्या गटातल्या एका ताईंच्या जुन्या टाकीत पाहुणे म्हणून पाठवले. त्या ताईंचे मासे दोन वर्षं निरोगी होते, म्हणून त्यांच्याकडून वापरातला एक स्पंज मागून आणला, ओल्या पिशवीत, तासाभरात. तो पहिल्या टाकीत लावला. दुसऱ्या टाकीत कोराच स्पंज. दोन्हींत नवसागर. पहिली टाकी पंधराव्या दिवशी पिकली. दुसरी, मध्ये सामूने अडकल्यामुळे, सदतिसाव्या दिवशी. दह्याला जसं शेजारणीकडून विरजण आणतो तसंच हे. फक्त आजारी टाकीतलं आणू नका, रोगही सोबत येतो.

आता त्या टाक्यांत दर आठवड्याला चौथा भाग पाणी बदललं जातं, आणि प्रत्येक टाकीत दोन स्पंज आहेत, एका महिन्याला एक दाबून घ्यायचा, दोन्ही एकदम कधीच नाही. काढलेलं पाणी काकी परसातल्या मिरच्यांना घालतात, मीठ घातलेलं असेल तेव्हा सोडून. वाढलेले, विकले न गेलेले मासे वहाळात किंवा विहिरीत सोडू नका, हे बाहेरचे मासे आहेत, तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये आली, त्यात परसातल्या शोभिवंत मासेपालनालाही मदत ठेवली होती, ठरलेल्या खर्चमर्यादेत महिलांना 60 टक्के अनुदान. त्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी लागते. पण अनुदान टाकीला मिळतं, मेलेल्या माशांना नाही. म्हणून आमच्या गटात आता असं ठरलंय की ह्या कामासाठी कर्ज दोन भागांत द्यायचं. पहिला भाग टाकी, पंप आणि टेस्ट किटचा. माशांचे पैसे टेस्टचा कागद दाखवल्यावर. काही जणींना आवडलं नाही, विश्वास नाही का म्हणाल्या. काकींनीच बैठकीत उठून त्यांना गप्प केलं.

टेस्ट किट एकटीला महाग वाटत असेल तर गटाच्या पैशातून एक घ्या. रंग ट्यूबलाइटखाली पाहू नका, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर धरून पाहा, आणि आकडा वहीत तारखेसह लिहा. आमच्या प्रभागातल्या ज्या जणींकडे किट नाही, त्यांनी दर गुरुवारी सकाळी दहाच्या आत गटाच्या कार्यालयात टाकीचं पाणी घेऊन यावं. बाटली औषधाची किंवा साबणाची नको, टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळलेली हवी. सोबत टाकीची मापं आणि मासे किती ते चिठ्ठीवर लिहून आणा.